बाकी

ऑडमुंड गेला त्या रात्री
तळघरातलं यंत्र चालूच होतं.
वार्दोला नोव्हेंबरअखेर सूर्य बुडतो
तो थेट जानेवारीत वर येतो,
त्यामुळे ‘त्या रात्री’ म्हणजे नेमकं कधी
हे गुन्वोरला सांगता येत नाही.
घड्याळात दुपारचे दोन वाजले होते, एवढं खरं.

विजेचं बिल आलं तेव्हा मुलगा फोनवर म्हणाला,
आई, बंद कर ते. प्लग ओढ सरळ.
ती खाली गेली.
यंत्राच्या पाठीला पाठ लावून मांजर झोपलेलं,
वर दोरीवर त्याचे लोकरी मोजे, खडखडीत वाळलेले,
आणि पडद्यावर एक आकडा पुढे सरकत होता
गुडघ्यावर हात ठेवून कुणी जिना चढावा तसा.
ती प्लग न ओढता वर आली.

शाळेत गणित शिकवणारी टुरीड
एका शनिवारी सुका कॉड घेऊन आली, बसली, म्हणाली:
दोन घ्यायचे. असे चार कोटींहून जास्त दोन
एकमेकांत गुणायचे.
(किती दोन, तो आकडाही मूळच लागतो,
नाहीतर आधीच फुटतं सगळं.)
मग त्यातून एक काढायचा.

एक का?

नाही काढला तर सम संख्या ती,
दोनाने हसत हसत भाग जातो.
काढला की यंत्राच्या लिपीत उरते
नुसती एकांची ओळ,
मध्ये कुठे शून्य नाही.

गुन्वोरला मासे वाळवायचे दांडे आठवले,
बर्फात उभे, मासे काढून नेल्यानंतरचे.

आणि तिला कुणाचाच भाग गेला नाही तर?

तर मूळ संख्या. एक आणि ती स्वतः,
घरात तिसरं कुणी नाही.

किनाऱ्यावरच्या रेडिओत तीस वर्षं
हा माणूस जहाजांशी बोलला
आणि घरी आल्यावर गप्प.
गावात म्हणत, ऑडमुंडला कशाचा भाग जात नाही.
ती हसायची तेव्हा.

एवढ्या मोठीला एकेक भाजक लावत बसलं
तर सूर्य विझून जाईल, टुरीड सांगत होती,
म्हणून ही युक्ती: चारापासून निघायचं.
वर्ग करा, दोन वजा. चौदा.
पुन्हा. एकशे चौऱ्याण्णव.
पुन्हा. सदतीस हजार सहाशे चौतीस.
मग अंगाबाहेर जायला लागलं
की त्या मोठ्या संख्येने भागायचं आणि बाकी तेवढी ठेवायची.
असं चार कोटी वेळा.
शेवटी बाकी शून्य आली तर मूळ.

आणि नाही आली तर?

टुरीडने माशाचा तुकडा तोडला.
तर फुटते.
पण कशात फुटते, ते ही परीक्षा सांगत नाही.

जानेवारीत समुद्रावर एक नारिंगी रेघ आली,
पाव तास राहिली.
फेब्रुवारीतल्या एका बुधवारी आकडा थांबला.
शून्य नव्हतं.
शून्याच्या जागी सोळा खुणा, काही अंक, काही अक्षरं.

चार हजार पानं भरतील एवढी संख्या
आणि ती मूळ नाही.
म्हणजे कुठेतरी तिचे तुकडे आहेत,
दोन, कदाचित जास्त,
नीट जुळले की हीच होते,
आणि ते काय आहेत हे अजून कुणालाच ठाऊक नाही.

तिने त्याची जहाजांची वही काढली.
शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून
सोळा खुणा उतरवून घेतल्या,
आठ आठच्या दोन रांगांत, त्याला आवडे तशा.

ती लिहीत होती तोवर
यंत्राने आपणहून नवी संख्या घेतली.
चार. चौदा.
मांजराने कूस बदलली.

रविवारी मुलाचा फोन. हवा, गुडघे, बिल.
मग ठेवता ठेवता, नेहमीसारखं:
बाकी काय?

थांब, ती म्हणाली, चष्मा घेते.
आणि वाचायला लागली, एकेक अक्षर सुटं करून,
वादळात
लांबच्या बोटीला ऐकू जावं तसं.